वस्तू आधी कुठे होती? इटालियन ‘काढण्या-घेण्या’ची क्रियापदे इंग्रजीत नेताना

मिलानमध्ये शिकायला गेलेल्या माझ्या भाचीचा एका रात्री घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला. “मावशी, माझं परमिट काढून घेताहेत,” एवढेच ती कसेबसे बोलली. युरोपीय संघाबाहेरून येऊन इटलीत दीर्घकाळ राहणाऱ्यांना ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’, म्हणजे वास्तव्याचा परवाना, काढावा लागतो. तिने त्यासाठी काही महिन्यांपूर्वी अर्ज केला होता आणि आता तिला इटालियनमध्ये एक संदेश आला होता. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने त्याचे इंग्रजी करून दिले होते आणि त्यात ‘विथड्रॉअल’ हा शब्द होता. मी मूळ मजकूर मागवून घेतला. त्यात ‘रितीरो’ असे होते. परवाना तयार आहे, अमुक दिवशी अमुक वाजता येऊन तो घेऊन जावा, एवढेच त्या संदेशाचे म्हणणे होते.

‘रितिरारे’ या इटालियन क्रियापदाचा मूळ भाव ‘आपल्याकडे ओढून घेणे’ असा आहे. टपाल कार्यालयातून मी माझे पार्सल आणले तर ते रितिरारे, आणि बेदरकार गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी माझा परवाना काढून घेतला तर तेही रितिरारेच. ओढणारा कोण आणि वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, हे इटालियन माणूस प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘कलेक्ट’ किंवा ‘पिक अप’ आणि दुसऱ्यासाठी ‘टेक अवे’ असे वेगळे शब्द निवडावेच लागतात. निवड चुकली की आनंदाची बातमी धमकी होऊन बसते.

अशी क्रियापदे इटालियनमध्ये बरीच आहेत आणि ती रोजच्या वापरातली आहेत. पाककृती, यंत्रांची माहितीपुस्तके, नियमावल्या, विद्यापीठांची पत्रे हे इटालियन साहित्य मराठी माणसापर्यंत बहुधा इंग्रजीच्या वाटेने येते. बारामतीला पियाज्जोचा आणि रांजणगावला फियाटचा कारखाना आहे, तेव्हा ही वाट आपल्याला फार लांबची नाही. त्या वाटेवर अर्थ नेमका कुठे सांडतो, आणि तो सावरायला मराठीची मदत कशी होते, ते या लेखात सांगायचे आहे.

आधी क्रियापदांची ओळख

‘प्रेंदेरे’ म्हणजे घेणे. ‘तोल्येरे’ म्हणजे काढणे. ‘लेवारे’ म्हणजेही काढणेच; बोलताना पुष्कळदा ही दोन्ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालतात, आणि टस्कनीसारख्या भागात बोलीत ‘लेवारे’ जास्त कानावर पडते. ‘पोर्तारे विया’ म्हणजे घेऊन जाणे, नेणे. शिवाय ‘कावारे’ म्हणजे आतून उपसून किंवा खेचून काढणे. बाटलीचे बूच काढण्याच्या स्क्रूला इटालियनमध्ये ‘कावाताप्पी’, अर्थात ‘बुचेकाढे’, म्हणतात.

यांतले ‘तोल्येरे’ समजून घ्यायला मराठी माणसाइतकी सोय क्वचितच कोणाला असेल, कारण आपल्याकडे ‘काढणे’ आहे. आपण कपडे काढतो, केर काढतो, पैसे काढतो, चित्र काढतो, तिकीट काढतो, दिवस काढतो, समजूत काढतो, वरात काढतो, आणि एखाद्याने उगाच दात काढले तर त्याला दटावतोही. यांतल्या एकाही ठिकाणी मराठी माणूस अडखळत नाही. एकच क्रियापद शेजारच्या शब्दाकडे पाहून अर्थ बदलते, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. इटालियन माणसाचे ‘तोल्येरे’ आणि ‘प्रेंदेरे’ यांच्याशी असेच नाते असते. तोही ‘प्रेंदेरे’ने गाडी पकडतो, कॉफी घेतो, ऊन खातो, सर्दी ओढवून घेतो आणि परीक्षेत गुण मिळवतो. या पाचही जागी इंग्रजीत ‘टेक’ लिहिणारा भाषांतरकार फार तर गाडीपुरता सुटतो. इंग्रज माणूस कॉफी ‘हॅव’ करतो, सर्दी ‘कॅच’ करतो, गुण ‘गेट’ करतो, आणि उन्हात पडून राहण्यासाठी त्याच्याकडे ‘सनबेद’ हे स्वतंत्र क्रियापद आहे.

इंग्रजी विचारते: वस्तू कुठे होती?

आता खऱ्या अडचणीकडे वळू. चुलीवरचे भांडे, खिशातला हात, लहान मुलाच्या हातातली सुरी, सदऱ्यावरचा डाग, पायातले बूट आणि दहातले तीन, हे सगळे इटालियन माणूस ‘तोल्येरे’ याच एका क्रियापदाने काढतो. इंग्रजीत भांडे ‘टेक ऑफ’ होते, हात ‘टेक आउट’ होतात, सुरी ‘टेक अवे’ होते, डाग ‘गेट आउट’ होतो, बूट पुन्हा ‘टेक ऑफ’ होतात आणि तीन दहामधून ‘टेक अवे’ होतात. क्रियापद जवळजवळ तेच राहते, पण त्याच्या मागे लागणारा छोटा शब्द बदलतो. या छोट्या शब्दाला अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी ‘सॅटेलाइट’, म्हणजे उपग्रह, असे नाव दिले. टाल्मी यांची मांडणी थोडक्यात अशी आहे की काही भाषा हालचालीची दिशा क्रियापदाच्या पोटात ठेवतात, तर काही भाषा ती या उपग्रहांवर सोपवतात. इटालियन मुख्यतः पहिल्या प्रकारची आहे, जरी ‘पोर्तारे विया’सारखे जोडप्रयोग तिच्यात आहेत; इंग्रजी मात्र दुसऱ्या प्रकारची आहे.

याचा परिणाम असा होतो की इंग्रजी लेखकाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते, जो प्रश्न इटालियन लेखकाला सहसा पडतच नाही: काढण्यापूर्वी वस्तू कुठे होती? कशावर होती, कशात होती, की कोणाच्या ताब्यात होती? इटालियन लेखक ‘दा’ हे एक अव्यय वापरून मोकळा होतो. ‘दाल फुओको’ म्हणजे विस्तवावरून आणि ‘दाल्ले तास्के’ म्हणजे खिशांतून. दोन्हीकडे ‘दा’च आहे, पुढे फक्त उपपद जोडले आहे.

इथे मराठी आपल्या उपयोगी पडते. ‘वरून’, ‘तून’, ‘पासून’ आणि ‘कडून’ हा भेद आपण न विचार करता करतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की इटालियन वाक्य आधी मनात मराठीत आणा आणि नामाला काय जोडले गेले ते पाहा. ‘वरून’ आले तर इंग्रजीत बहुधा ‘ऑफ’ लागेल, ‘तून’ आले तर ‘आउट ऑफ’ लागेल, आणि ‘कडून’ आले तर ‘फ्रॉम’ किंवा ‘अवे फ्रॉम’. गॅसवरून भांडे उतरवले, म्हणून ‘ऑफ’. खिशातून हात काढले, म्हणून ‘आउट ऑफ’. मुलाकडून सुरी काढून घेतली, म्हणून ‘अवे फ्रॉम’. डागाच्या बाबतीत तर ही कसोटी फारच चोख लागू पडते: डाग कापडात मुरला असेल तर ‘आउट’ आणि टेबलाच्या पाटावर नुसता पडला असेल तर ‘ऑफ’.

मात्र एका जागी ही युक्ती दगा देते, आणि ती जागा नीट लक्षात ठेवायला हवी. अंगावर घालायच्या वस्तूंकडे मराठी आणि इंग्रजी वेगवेगळ्या नजरेने पाहतात. आपण ‘पायातले बूट’, ‘बोटातली अंगठी’, ‘गळ्यातली माळ’, ‘कानातले डूल’ म्हणतो, जणू शरीर हे भांडे आहे आणि दागिना त्याच्या आत आहे. इंग्रजीच्या दृष्टीने अंगावर घातलेली बहुतेक प्रत्येक वस्तू अंगाच्या ‘वर’ असते. म्हणून बूट, अंगठी, टोपी, चष्मा हे सगळे ‘ऑफ’ होते. मराठीच्या ‘तून’वर विसंबून बूट ‘टेक आउट’ केले तर ऐकणाऱ्याला ते खोक्यातून काढल्यासारखे वाटतील.

आणखी एक बारकावा इथेच सांगून टाकते. ‘बूट काढ’ हे इटालियनमध्ये ‘तोल्यिती ले स्कार्पे’ असे म्हणतात. त्यात ‘स्वतःचे’ हा भाव क्रियापदाला चिकटलेल्या ‘ती’मध्ये असतो आणि बुटांना ‘तुझे’ असे विशेषण लागत नाही. मराठीतही ते लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘युअर’ घालावे लागते, आणि मराठी व इटालियन या दोन्ही भाषांत वाढलेले लोक ते हमखास विसरतात.

उचलण्यापासून नाहीसे करण्यापर्यंत

‘तोल्येरे’ हे लॅटिन ‘तोलेरे’पासून आले आहे आणि त्या लॅटिन क्रियापदाचा मूळ अर्थ ‘उचलणे’ हा आहे. ‘लेवारे’ हे ज्या लॅटिन शब्दाशी जोडलेले आहे त्याचा अर्थ ‘हलका’ असा होतो. म्हणून ‘लेवारे’ म्हणजे हलके करणे, वर उचलणे, आणि पुढे काढून टाकणे. पीठ फुगवणाऱ्या यीस्टला इटालियनमध्ये ‘लिएवितो’ म्हणतात, आणि पूर्वेला, जिथे सूर्य वर येतो त्या दिशेला, ‘लेवांते’. जहाजाचा नांगर उचलणे म्हणजे ‘लेवारे लांकोरा’. या सगळ्या शब्दांत वर जाण्याची क्रिया अजून जिवंत आहे.

उचललेली वस्तू तिच्या जागी राहत नाही, आणि जागेवरून गेलेली वस्तू पाहणाऱ्याच्या दृष्टीने नाहीशी होते. उचलण्यापासून काढण्यापर्यंतचा हा अर्थाचा प्रवास इतका स्वाभाविक आहे की तो अनेक भाषांत झालेला आहे. मराठीत ‘उचलेगिरी’ ही चोरीच, आणि इंग्रजीत दुकानातल्या चोरीला ‘शॉपलिफ्टिंग’ म्हणतात. आपण बंदी ‘उठवतो’, इंग्रज ती ‘लिफ्ट’ करतो आणि इटालियन ती ‘तोल्येरे’ करतो.

इटलीतल्या रस्त्यांवर ‘गाडी लावू नये’ या पाटीखाली पुष्कळदा ‘रिमोत्सिओने फोर्त्साता’ असे लिहिलेले असते. त्याचे शब्दशः इंग्रजी ‘फोर्स्ड रिमूव्हल’ असे होते, आणि ते वाचून गाड्यांची नव्हे, तर माणसांना घरादारांतून हुसकावून लावल्याची आठवण येते. इंग्रजी रस्त्यावर या जागी ‘टो-अवे झोन’ लिहितात. पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्या कोणालाही मी ही पाटी दाखवली तर तो एका क्षणात सांगतो, ‘इथे लावलेली गाडी उचलून नेतील.’ इतके अचूक भाषांतर मला कोणत्याही कोशात सापडलेले नाही.

या दुहेरी अर्थाचा सगळ्यांत प्रसिद्ध दाखला रोमन इतिहासातला आहे. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने तरुण ऑक्टेव्हियनबद्दल काढलेले उद्गार त्याच्या कानावर गेल्याचे एका पत्रात नोंदलेले आहे: या तरुणाची स्तुती करावी, त्याला मानमरातब द्यावा आणि त्याला ‘तोलेंदुम’ करावे. ‘तोलेंदुम’चा अर्थ ‘उंच पदावर चढवावे’ असाही होतो आणि ‘कायमचे दूर करावे’ असाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिसेरो मारला गेला आणि हा तरुण पुढे ऑगस्टस या नावाने रोमचा पहिला सम्राट झाला. इंग्रजी भाषांतरकारांना इथे एकाच शब्दात दोन्ही अर्थ सहज पकडता येत नाहीत. कोणी दोन शब्द देतो, कोणी तळटीप देतो. मराठीत ‘त्याला उचलावे’ असे म्हटले की खांद्यावर घेऊन मिरवणारे हात आणि रात्री दारात येणारी पोलिसांची गाडी ही दोन्ही चित्रे डोळ्यांपुढे येतात.

कॅथलिक प्रार्थनेतही हेच क्रियापद आहे. ख्रिस्ताला उद्देशून लॅटिनमध्ये जे ‘क्वी तोलिस’ म्हणतात, त्याचे इटालियन ‘के तोल्यी’ असे होते आणि इंग्रजी ‘टेक अवे’ असे: जगाची पापे दूर करणारा. मराठी बायबलमध्ये या जागी ‘हरण करणारा’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचाही अर्थ उचलणे आणि काढून नेणे असा दुहेरीच आहे. इंग्रजी ‘टेक अवे’मध्ये दूर नेणे आहे, पण ओझे उचलण्याचा भाव त्यातून गळून गेला आहे.

चोरीला गेलेली वस्तू आणि चतुर्थी

शाळेतल्या व्याकरणात पंचमी विभक्तीचा अर्थ ‘अपादान’ म्हणून शिकवतात: ज्याच्यापासून वियोग होतो, ते अपादान. चतुर्थीचा अर्थ ‘संप्रदान’, म्हणजे ज्याला काही मिळते, तो. घेण्या-काढण्याच्या क्रियापदांना अपादान लागावे हे आपल्याला स्वाभाविक वाटते आणि इंग्रजीही इथे ‘फ्रॉम’ मागते. इटालियन मात्र ज्याची वस्तू गेली त्या माणसाला ‘आ’ हे अव्यय लावते, जे एरवी ‘ला’ या अर्थाचे, म्हणजे संप्रदानाचे, असते. ‘ओ रुबातो ला पेन्ना आ लुका’ याचा अर्थ ‘मी लुकाकडून पेन चोरले’ असा आहे. शब्दशः पाहिले तर ते ‘मी लुकाला पेन चोरले’ असे दिसते. हातातून जाणे आणि हातात येणे या दोन्ही घटना ज्या माणसावर ओढवतात त्याला इटालियन एकाच खुणेने दाखवते. तोट्यात गेलेल्या माणसालाही ती वाक्यात मानाची जागा देते, ही गोष्ट मला या भाषेत फार आवडते.

अडचण ‘प्रेंदेरे’बरोबर येते, कारण बोलीत ‘प्रेंदेरे’चा अर्थ ‘विकत घेणे’ असाही होतो, जसा आपण ‘साडी घेतली’ म्हणतो. ‘ओ प्रेसो इल जेलातो आय बांबिनी’ या वाक्याचा अर्थ ‘मी मुलांना आइस्क्रीम घेतले’ असा होईल किंवा ‘मी मुलांकडून आइस्क्रीम काढून घेतले’ असाही होईल. मराठी ‘ना’ आणि ‘कडून’ यांनी हा घोळ जागच्या जागी मिटवते, इंग्रजी ‘फॉर’ आणि ‘फ्रॉम’ने मिटवते, पण इटालियन वाक्य एकटे उभे असेल तर ते दोन्हींकडे झुकते. आई बोलते आहे की मोठा भाऊ, उन्हाळा आहे की मुलांचा घसा बसला आहे, हे पुढच्या-मागच्या ओळींतून कळल्याशिवाय भाषांतरकाराने हात घालू नये.

याच्या शेजारचा एक धडा ‘स्टील’ आणि ‘रॉब’ यांचा आहे. इंग्रजीत वस्तू ‘स्टील’ होते आणि माणूस किंवा बँक ‘रॉब’ होते. इटालियनमध्ये ‘रुबारे’ला वस्तू लागते, ‘देरुबारे’ला माणूस लागतो आणि धाक दाखवून केलेल्या लुटीसाठी ‘रापिनारे’ आहे. मराठीत पैसे चोरतात आणि बँक लुटतात, त्यामुळे हा भेद आपल्या हाडात आहे. इंग्रजी बोलताना ‘बँक स्टील केली’ असे जे कधी कधी निसटून जाते, ते मराठीत विचार केला असता निसटणार नाही.

आणि सायकल चोरीला गेली की इटालियन म्हणतो, ‘मि आन्नो रुबातो ला बिची’, म्हणजे शब्दशः ‘त्यांनी मला सायकल चोरली’. हे ‘ते’ कोण, याचा पत्ता नसतो. इंग्रजीत ‘दे’ लिहिले तर वाचक विचारील, कोण हे लोक? तिथे वाक्य फिरवून ‘माय बाइक हॅज बीन स्टोलन’ असे कर्मणी करावे लागते. आपले ‘सायकल चोरीला गेली’ हे दोघांहून निराळे आहे: त्यात चोराला अजिबात जागा नाही, सायकलच जणू आपल्या पायांनी निघून गेली.

एकच शब्द: बँक, दवाखाना आणि पिझ्झाचे दुकान

‘प्रेलिएवो’ हा शब्द इटलीत एटीएमच्या पडद्यावर दिसतो, रक्ततपासणीच्या खोलीच्या दारावर दिसतो, कराविषयीच्या बातमीत दिसतो आणि अवयवदानाच्या कागदपत्रातही दिसतो. त्याचे क्रियापद ‘प्रेलेवारे’, म्हणजे आधीच्या साठ्यातून काही भाग काढणे. इंग्रजीत एटीएममधून पैसे ‘विथड्रॉ’ होतात, रक्त ‘ड्रॉ’ होते, कर ‘लेव्ही’ होतो आणि अवयवांसाठी ‘रिट्रीव्हल’ हा शब्द आहे. त्यातला ‘लेव्ही’ हा फ्रेंचच्या वाटेने त्याच ‘लेवारे’च्या घराण्यातून आलेला शब्द आहे, हे कळले की मला दूरच्या गावात आपल्या आळीतले कोणी भेटल्यासारखे वाटते.

‘आस्पोर्तारे’ याहून थक्क करणारे आहे. शल्यविशारद गाठ काढून टाकतो ते ‘आस्पोर्तारे’, आणि ‘पित्सा दा आस्पोर्तो’ म्हणजे घरी घेऊन जायचा पिझ्झा. मे २०२० मध्ये टाळेबंदीचा पहिला टप्पा शिथिल झाला तेव्हा इटलीतल्या उपाहारगृहांना ‘आस्पोर्तो’ची मुभा मिळाली आणि हा शब्द तिथे घरोघरी रोजचा झाला. इंग्रजीत हॉटेलात ‘टेकअवे’ आणि रुग्णालयात ‘रिमूव्ह’ किंवा ‘एक्साइज’ लिहायचे, हे सांगायला नको. तरी घाईत काम करणारा माणूस कोशातला पहिला अर्थ उचलतो आणि फसतो.

‘पोर्तारे’विषयी थोडक्यात सांगते, कारण ते मराठी माणसाला शिकवावेच लागत नाही. इटालियनमध्ये आणणे आणि नेणे या दोन्हींना ‘पोर्तारे’च म्हणतात. इंग्रजीत ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांतून निवड करावी लागते. आपण मनात ‘आण’ की ‘ने’ एवढे विचारले की काम झाले.

स्वयंपाकघरातला ‘स’

इटालियन पाककृतींत काढण्याचे काम पुष्कळदा शब्दारंभीचा एकटा ‘स’ करतो. ‘बुच्चा’ म्हणजे साल, तर ‘स्बुच्चारे’ म्हणजे साल काढणे. ‘नोच्चोलो’ म्हणजे आठळी, तर ‘स्नोच्चोलारे’ म्हणजे आठळी काढणे. ‘पोल्वेरे’ म्हणजे धूळ, तर ‘स्पोल्वेरारे’ म्हणजे धूळ झटकणे. इंग्रजी या जागी उपसर्ग लावण्याऐवजी नामालाच क्रियापद करते: साल म्हणजे ‘पील’ आणि सोलणेही ‘पील’, आठळी म्हणजे ‘पिट’ आणि ती काढणेही ‘पिट’. ब्रिटनमध्ये ‘पिट’ऐवजी ‘स्टोन’ म्हणतात, म्हणून भाषांतर लंडनच्या वाचकासाठी आहे की न्यूयॉर्कच्या, हे आधी विचारून घ्यावे. मराठीत फळ सोलतात आणि मेथी निवडतात.

पण ‘स’ दिसला की काहीतरी काढायचे, असे मात्र धरून चालू नये. ‘काल्दो’ म्हणजे गरम, म्हणून ‘स्काल्दारे’ म्हणजे उष्णता काढणे, थंड करणे, असे वाटेल. त्याचा अर्थ आहे गरम करणे. आणि ‘स्पोल्वेरारे’ फर्निचरच्या बाबतीत धूळ काढते, पण केकच्या बाबतीत त्यावर पिठीसाखर भुरभुरवते. योगायोग असा की इंग्रजी ‘डस्ट’लाही हेच दोन उलटे अर्थ आहेत, त्यामुळे इथे भाषांतरकार न चुकता तरून जातो.

‘रिमूव्ह’ सगळीकडे का चालू नये?

हा प्रश्न दर वर्षी वर्गात विचारला जातो आणि तो रास्त आहे. ‘रिमूव्ह’ चुकीचे कुठेच नाही. ते औपचारिक आहे. मंदिराच्या दारावरच्या पाटीवर ‘रिमूव्ह युअर शूज’ शोभते, पण आई मुलाला घरात शिरताना असे म्हणत नाही. मराठीत ‘पादत्राणे काढून ठेवावीत’ आणि ‘बूट काढ रे’ यांच्यात जे अंतर आहे तेच इथे आहे. ‘तोल्येरे’ या दोन्ही पातळ्यांवर वावरते, ‘रिमूव्ह’ वावरत नाही. संवादातल्या प्रत्येक ‘तोल्येरे’ला ‘रिमूव्ह’ लावला तर घरातली माणसे सरकारी पत्रकासारखी बोलू लागतात.

यंत्राच्या माहितीपुस्तकात मात्र मी स्वतः ‘रिमूव्ह’चा आग्रह धरते. इटालियन लेखकाला शाळेपासून शिकवण असते की तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. त्यामुळे एकाच पानावर झाकण ‘तोल्येरे’ होते, गाळणी ‘एस्त्रार्रे’ होते आणि खालचे झाकण ‘रिमुओवेरे’ होते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला यातून तीन निरनिराळ्या कृती सुचवल्यासारख्या वाटतात. विमानांच्या देखभालीसाठी बनवलेल्या नियंत्रित इंग्रजीचा पायाच मुळी असा आहे की एका शब्दाला एकच अर्थ असावा आणि एका कृतीला एकच शब्द. तिथे शब्दांची विविधता हा गुण राहत नाही. शिवाय इटालियन सूचना पुष्कळदा क्रियापदाच्या मूळ रूपात लिहिलेल्या असतात: ‘तोल्येरे इल कोपेर्क्यो’. नवखा माणूस त्याचे ‘टू रिमूव्ह द कव्हर’ करतो आणि वाचक वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट पाहत राहतो. तिथे साधा आज्ञार्थ हवा, जिथे आपण ‘झाकण काढावे’ असे लिहितो.

आता यंत्र भाषांतर करते, मग हे शिकायचे कशाला?

यंत्रे खरोखर सुधारली आहेत आणि चुलीवरचे भांडे किंवा पायातले बूट ती आता क्वचितच चुकवतात, कारण अशी वाक्ये त्यांनी असंख्य वेळा पाहिलेली असतात. अडचण येते ती अपुऱ्या संदर्भाच्या छोट्या मजकुराशी: पाटी, संदेश, पावती, एटीएमचा पडदा. ‘रितीरो’ हा एक शब्द कोणाच्या बाजूने ओढला जातो आहे, हे त्या शब्दात लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याच्या आयुष्यात असते. माझ्या भाचीने अर्ज केला होता, तिच्याविरुद्ध तक्रार नव्हती, आणि संदेशात दिवस व वेळ दिली होती. या तीन गोष्टी जुळवून पाहणारा माणूस ‘विथड्रॉअल’ लिहिणार नाही. परदेशात एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मी म्हणूनच कळकळीने सांगते की घाबरवणारे इंग्रजी समोर आले तर मूळ इटालियन शब्द पाहा आणि स्वतःला विचारा, यात काय कुठून कुठे जाते आहे?

जिथे क्रियापदच विरघळते

भाषा शिकण्याच्या कामातला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे. ‘प्रेंदेर्सेला कोन’ या प्रयोगात ‘घेणे’ आहे, पण अर्थ आहे एखाद्यावर राग काढणे. इंग्रजीत ‘टेक इट आउट ऑन’ म्हणतात. आपल्याकडे राग काढतात, इंग्रजीत तो ‘आउट’ होतो, आणि इटालियन माणूस मात्र तो घेतो.

‘च्यो नोन तोल्ये के’ हे वर्तमानपत्रांत आणि न्यायालयीन मजकुरात वारंवार भेटते. शब्दशः ‘त्याने हे काही निघून जात नाही की’, म्हणजे आत्ता सांगितलेली गोष्ट खरी असली तरी पुढची गोष्टही तितकीच खरी आहे. इंग्रजीत इथे काढण्याचे कोणतेही क्रियापद ठेवू नये; ‘ईव्हन सो’ किंवा ‘द फॅक्ट रिमेन्स’ पुरते. गंमत अशी की इटालियन म्हणतो ‘निघून जात नाही’ आणि इंग्रज म्हणतो ‘उरते’. वजाबाकीच्या एका बाजूला एक भाषा उभी आहे आणि दुसऱ्या बाजूला दुसरी.

आणि पाहुणा निघायला उठतो तेव्हा यजमानांना म्हणतो, ‘तोल्गो इल दिस्तुर्बो’. शब्दशः ‘मी त्रास काढून घेतो’. स्वतःच्या असण्यालाच त्याने नम्रपणे त्रास म्हटले आहे आणि तो आता उचलून नेतो आहे. इंग्रजीत त्याचे ‘आय विल लीव्ह यू इन पीस’ असे करतात. सुट्टीवर आलेली भाची परवा माझ्याकडे जेवून निघाली, तेव्हा दारात चपला घालता घालता सवयीने तिच्या तोंडून हेच इटालियन वाक्य बाहेर पडले, मग तिचे तिलाच ते परके वाटले असावे, कारण ती वळली आणि म्हणाली, “येते गं, मावशी.”